पाठ न टेकता

कुस्तीचा निकाल सगळ्या मैदानाला दिसतो: पाठ टेकली की चीतपट. नरसिंग यादवची पाठ रिओत कुणीच टेकवली नाही. सलग 3 वर्षं महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान. उत्तेजक चाचणीत सापडला, कुणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं म्हणून ‘नाडा’नं सोडलं. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाला ते पटलं नाही. 18 ऑगस्ट 2016ला, लढतीच्या आदल्या दिवशी, 4 वर्षांची बंदी.

मंगोलियाचा असाशोर्यू 2010च्या जानेवारीत 25वी स्पर्धा जिंकला आणि फेब्रुवारीत, मारहाणीच्या आरोपानंतर, सुमोतून बाहेर पडला. बेंगळुरूत बसून त्याच्यावरचा मजकूर मराठीत आणताना मी या हरण्याच्या शब्दाशीच अडले. ‘निवृत्त’ खोटं वाटतं, ‘बाद’ कोरडं. ‘चीतपट’ लिहावं, तर पाडणारा कोण?