खुंटीवरची खुर्ची

1992 साली अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कँटरबरीत एथेल हडसन वारल्या. वय 96. त्यांच्याबरोबर 1792 साली तिथे मांडलेला एक संसार दोनशे वर्षांनी आवरला. संसारच म्हणायचं, जरी त्यात लग्न नव्हतं, पोटचं मूल नव्हतं आणि कुणाच्या स्वतःच्या नावावर वीतभर जमीन नव्हती.

ही माणसं शेकर पंथाची. प्रार्थनेत अंगात आल्यासारखी थरथरायची, नाचायची, म्हणून लोकांनी चिडवायला ठेवलेलं हे नाव. त्यांनी तेच मिरवलं. मँचेस्टरच्या कापड गिरणीत राबलेली अ‍ॅन ली 1774 मध्ये आठ अनुयायांसह अमेरिकेत आली आणि हा पंथ तिथे रुजला. देव जसा पिता तशी माताही, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे कारभारात एल्डर आणि एल्ड्रेस, म्हणजे वडीलधारे पुरुष आणि स्त्रिया, बरोबरीने बसत. स्त्री-पुरुष बहीणभावांसारखे एकाच घरात राहत. दारं मात्र वेगळी, जिनेही वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कँटरबरीत अशी तीनशेच्या आसपास माणसं नांदत होती.

काम हीच त्यांची पूजा. तीनशे जणांचे कपडे धुता धुता त्यांनी धुलाईयंत्र घडवलं, 1858 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, हॉटेलांना विकलं. खोल्यांत भिंतीभर लाकडी खुंट्या. झाडताना हलक्या खुर्च्या उचलायच्या आणि उलट्या करून खुंटीला अडकवायच्या. कोपऱ्यात केर राहू नये आणि बसायच्या जागी धूळही पडू नये.

ब्रह्मचर्य पाळणाऱ्या या घरात माणूस यायचा तो दारातूनच. कुणी मोठेपणी विचार करून यायचा, कुणाला पोरकेपणी आणून सोडलेलं असायचं. बर्था लिंडसे 1905 मध्ये आली तेव्हा सात वर्षांची होती, आईबाप गेलेले. तिने पुढे इथलं स्वयंपाकघर सांभाळलं, एल्ड्रेस झाली आणि 1990 मध्ये इथेच डोळे मिटले. अशी किती लेकरं या पंगतीत जेवून मोठी झाली! बरीचशी पुढे बाहेरच्या जगात निघून गेली. त्यांना अडवण्याची रीत नव्हती.

कारखान्यांनी पगार देऊ केला, त्यांच्या स्वस्त मालापुढे हातच्या वस्तू टिकेनात. आधी पुरुष आटले. कँटरबरीतले शेवटचे बंधू आयर्व्हिंग ग्रीनवुड 1939 मध्ये गेले. 1965 मध्ये तिथल्या वडीलधाऱ्या बहिणींनी नव्यांना घेणं थांबवलं. मेन राज्यातल्या सबाथडे लेकच्या शेकरांना ते रुचलं नाही. तिथे मूठभर शेकर अजून आहेत. कँटरबरीच्या बहिणींचा निर्णय चुकला असं म्हणायला मन धजत नाही. पाहुणे येणार नाहीत हे कळल्यावर चूल नीट विझवून, भांडी पालथी घालणारी बाई जसं वागेल, तशा त्या वागल्या. गाव विकलं नाही, संग्रहालयाच्या हवाली केलं.

आता शेकर म्हटलं की लोकांना त्यांची खुर्चीच आठवते. साधी, देखणी, महाग. पण ती खुंटीला टांगायची ती थोड्या वेळापुरती: जमीन झाडून झाली की खाली घ्यायची आणि आल्यागेल्याला बसायला द्यायची. कँटरबरीतली जमीन आजही लख्ख आहे. खुर्ची खाली घेणारं कुणी उरलेलं नाही.