दौंड–मनमाड रेल्वेमार्ग चार बाकांवर मांडताना

रेल्वेचं मॉडेल म्हटलं की आपण आधी पुठ्ठा, कात्री नि फेविकॉल शोधतो. माझं म्हणणं असं, की पहिले दोन आठवडे कात्रीला हातच लावू नका. कागदावर आराखडा करताना गणित, भूगोल आणि इतिहास जेवढा शिकवून होतो, तेवढा नंतर डबे चिकटवताना होत नाही. पाचवीच्या वर्गासोबत हे काम सध्या चालू आहे, म्हणून ताजं ताजं लिहिते.

मार्ग शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. केडगावात राहणाऱ्या पोरांना गाडीची शिट्टी घरबसल्या ऐकू येते. हा दौंड–मनमाड मार्ग, सुमारे २३६ किलोमीटरचा, १८७८ साली सुरू झाला. तोवर मुंबईहून निघालेले दोन फाटे वेगळे होते: एक बोरघाटातून पुणे, दौंड, सोलापूरकडे आणि दुसरा थळघाटातून मनमाड, भुसावळकडे. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर कल्याणपर्यंत उलटं यावं लागे. आपल्या मार्गाने हे दोन फाटे मधूनच जोडले.

(मुलांना शोधायला सांगाल तर आधी एक सांगून ठेवा. वेळापत्रकात ‘केडगाव’ स्टेशन सापडतं, पण ते पुणे–दौंड मार्गावरचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. आपलं स्टेशन नगरचं.)

आराखड्यात सगळ्यात आधी साल ठरवायचं. यावरून वर्गात चांगलंच भांडण झालं, कारण निम्म्या मुलांना वंदे भारत हवी होती. शेवटी १८७८ ठरलं आणि मग एकेक गोष्ट खोडत जावी लागली. विजेच्या तारा नाहीत. पुणतांब्याहून शिर्डीला जाणारा फाटा नाही. श्रीरामपूरसुद्धा नाही! ते शहर स्टेशनाभोवती नंतर वाढलं, म्हणून स्टेशनाचं नाव अजूनही बेलापूर आहे. बेलापूर गाव तिथून काही किलोमीटरवर प्रवरेकाठी. एका मुलाची आत्या श्रीरामपूरला राहते, त्याला हे काही पटेना. मी म्हटलं, आत्यालाच विचार. तिनेही तेच सांगितलं.

आता प्रमाण. दुकानात मिळणारी मॉडेलची गाडी बहुतेक १:८७ प्रमाणात असते आणि तिच्या रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं खरं अंतर १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागा, १९ पेक्षा जास्त येतं, म्हणजे तो रूळ आपल्या गाडीला अरुंद पडतो. पण १०० ने भागलं तर १६.७६ येतं, जवळपास तोच रूळ! म्हणून आम्ही १:१०० घेतलं. भागाकारही सोपा आणि दशांश चिन्ह सरकवण्याचा सराव फुकटात. साडेपाच फुटी माणूस पावणेदोन सेंटिमीटरच्या आत बसतो. आगपेटीची अख्खी काडी उभी केली तर ती चार मीटर उंचीचा राक्षस होते. मुलं यावर तासभर हसली, मी हसू दिलं.

अडचण पुढे आली. या प्रमाणात पूर्ण मार्ग २ किलोमीटर ३६० मीटर होतो आणि आमच्याकडे आहेत चार बाक. मग दोन प्रमाणं केली. गाडी, माणूस, पूल यांना १:१००. गावांमधल्या अंतराला १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. मार्ग ४७२ सेंटिमीटरमध्ये मावला. दौंडपासून नगर सुमारे ८४ किलोमीटर, म्हणजे १६८ सेंटिमीटरवर खूण. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रमाणं चालतात का? चालतात, फक्त दोन्ही पाटीवर स्पष्ट लिहायची. स्टेशनं सगळी घेता येत नाहीत. आम्ही दौंड, नगर, वांबोरीचा उतार, पुणतांब्याजवळचा गोदावरीवरचा पूल आणि मनमाड एवढंच ठेवलं. नद्या मात्र चारही: भीमा, मुळा, प्रवरा, गोदावरी. नगरच्या पठारावरून गाडी वांबोरीकडे उतरते तेव्हा ती भीमेचं खोरं सोडून गोदावरीच्या खोऱ्यात शिरते. थर्माकोलचे थर कापताना हे मुलांच्या हाताला कळेल, नकाशात बोट फिरवून कळत नाही.

रुळाखालच्या खडीसाठी मी रवा सुचवला होता. ५–६ सेंटिमीटरची खडी शंभरपट लहान केली की रव्याचा दाणा होतो, हिशेब अगदी बरोबर. पण त्याच्या आदल्याच तासाला आम्ही १८७६–७८ च्या दुष्काळाबद्दल बोललो होतो. हा मार्ग त्याच काळात झाला आणि भराव घालायच्या कामावर दुष्काळातली माणसं होती. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्यावर कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोध नोंदवला. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. वर्गात काट्यावर ज्वारी मोजून दाखवली. एका मुलीने घरी विचारून आणलं, तेवढ्याच्या चार-पाच भाकरी होतात. दिवसभर माती वाहायची आणि खायला एवढंच. त्याच मुलीने रव्याचं ऐकून हात वर केला. “मॅडम, त्यांना खायला नव्हतं आणि आपण रूळाखाली रवा टाकायचा?”

रवा रद्द. बारीक चाळणीने चाळलेली वाळू घेतोय.

पण तिच्या प्रश्नाने आराखडाच बदलला. आतापर्यंत कागदावर इंजिन होतं, डबे होते, स्टेशनमास्तर होता, भराव घालणारं कोणीच नव्हतं. आता नगर आणि वांबोरीच्या मधली जागा १८७७ साठी ठेवली आहे. तिथे रूळ नसेल, अर्धवट मातीचा बांध असेल आणि डोक्यावर पाटी घेतलेली पावणेदोन सेंटिमीटरची माणसं, बायका आणि पोरं. ‘मग गाडी तिथून जाणार कशी?’ हा पुढच्या बाकाचा आक्षेप रास्त आहे. गाडी नगरला थांबेल, हाताने उचलून वांबोरीला ठेवावी लागेल, असं बहुमताने ठरलं. बॅटरीवर सलग पळणारी गाडी हवी असणारे अजून नाराज आहेत आणि त्यांचंही चुकत नाही.

तुमच्या गावावरून मिरज–पंढरपूरची गाडी जात असेल, नाहीतर माथेरानची छोटी गाडी. साल आणि प्रमाण बदलून हे कुठेही करता येईल. आम्हाला सध्या माणसं कशाची करायची ते ठरवायचंय. मातीची केली तर वाळताना तडकतात. कोणी करून पाहिलं असेल तर जरूर कळवा, एकूण साठ लागणार आहेत.