ऊती

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात जीवशास्त्रावर लिहावे, हे पाहून आमच्या प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडेल. दहावीनंतर विज्ञानाची आणि माझी फारकत झाली हे खरे. परंतु शाळेत घोकलेले काही शब्द माणसाचा पिच्छा सोडीत नाहीत. पेशी, केंद्रक, रिक्तिका, तंतुकणिका, गुणसूत्र, ऊती! वर्गात हे शब्द आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणत असू. सारख्या रचनेच्या आणि एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. गुण दोन. घरी मी हे मोठ्याने म्हणू लागलो की आजी स्वयंपाकघरातून विचारी, "काय रं, काय उतू गेलं?"

आजीचे काय चुकले? आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीची पायरी चढले नव्हते. आई विड्या वळते. आण्णा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर आहेत. शरीरासाठी आमच्याकडे शब्द थोडे : अंग, पोट, छाती, दम. चेतासंस्था, उत्सर्जनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथी ही सारी परगावची मंडळी. पुस्तक मिटले की ती आपल्या गावी निघून जात.

यंदा वर्गात शब्दांच्या व्युत्पत्तीचा विषय निघाला आणि मी सहज म्हणून ग्रंथालयातला संस्कृत कोश उघडला. 'ऊति' म्हणजे विणणे! मी तो अर्थ पुन्हा एकदा वाचला. सोलापूरसारख्या विणकरांच्या गावात राहून हे मला कुणी सांगितले नव्हते. पुढे पाहतो तर इंग्रजीतला 'टिश्यू' हाही विणलेल्या वस्त्राच्या फ्रेंच शब्दावरून आलेला. बिशा नावाच्या फ्रेंच वैद्याने १८००च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाला हात न लावता शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या ओळखल्या. ऊतींच्या शास्त्राचे नाव हिस्टॉलॉजी, आणि त्यातल्या 'हिस्टॉस' या ग्रीक शब्दाचा एक अर्थ माग!

मग मी एकेक शब्द उसवीत गेलो. 'सेल' म्हणजे लहानशी खोली. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना ते नाव दिले. पण त्या खोलीत शिरावे, तर आत पुन्हा धागेच. बेंडाने १८९८ साली दिलेल्या 'मायटोकॉन्ड्रिया' या नावात धागा आणि कण आहेत. आपल्या तंतुकणिकेतही तेच. गुणसूत्रातले सूत्र म्हणजे दोरा, आणि आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत असे ४६ दोरे. पेशीची दुभागणी होते ते सूत्री विभाजन. त्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेतात ते तर्कूतंतू, आणि तर्कू म्हणजे सुताची चाती.

ही शब्दांची गंमत चालली असतानाच आण्णांना दम लागू लागला. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होई. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारले, "काम काय करता?" आण्णा म्हणाले, "काय नाही सायेब, मागावर असतो." अठ्ठावीस वर्षे उभ्याने काम केलेला माणूस, आणि उत्तराची सुरुवात 'काय नाही' अशी!

डॉक्टरांनी कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगाची शंका बोलून दाखविली. बिसिनोसिस. ते नावही तलम वस्त्राच्या ग्रीक शब्दावरून पडलेले. इटलीतल्या रामाझिनीने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात जवसाचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला आहे. रोग्याला त्याचा धंदा विचारा, हे त्यानेच वैद्यांना बजावले होते.

त्या रात्री मी आण्णांपुढे श्वसनसंस्था मांडली. श्वासनलिकेला फाटे फुटत जातात, ते बारीक होत होत शेवटी वायुकोशांपाशी थांबतात. असे वायुकोश ३० ते ५० कोटी. सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील.

आण्णांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे वीसएक चादरी. एवढ्याशा छातीत?"

मी त्यांना ऊतीचा अर्थ सांगितला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विणलेलं हाय म्हंतोस, तर उसवल्यावर रफू होतंय का, बघ त्या पुस्तकात."

कातडी भरून येते. मोडलेले हाड सांधते. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. पण कायमचे निकामी झालेले वायुकोश पूर्ववत होत नाहीत. मी हे तसेच सांगितले. वेळीच धूळ टाळली तर त्रास आटोक्यात राहतो, हे डॉक्टरांचे म्हणणेही सांगितले. दुसऱ्या दिवसापासून आण्णा नाकातोंडाला मास्क लावून कामावर जाऊ लागले. "गरम हुतंय," म्हणतात, पण काढीत नाहीत.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी मागाचा खडखडाट आहे, विडीचे सूप आहे. शाळेत पाठ केलेले हे शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सोडून यायचे नसतात, ते घरी घेऊन जायचे असतात. घरची माणसे त्यांना असे प्रश्न विचारतात, की जे कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येत नाहीत.

परवा आईने मांडीवरचे सूप बाजूला सारले, हात झटकले आणि मला विचारले, "आन् तंबाकूची धूळ कुठं जाऊन बसती रं?"

मी पुन्हा ग्रंथालयात जाऊ लागलो आहे.