किल्ल्यातील तास

इतिहास म्हणजे सनावळी, अशी आठवीच्या मुलांची समजूत असते. म्हणून एकदा आम्ही त्यांना वसईच्या किल्ल्यात नेले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, हे त्यांना मुखोद्गत होते. पडक्या चर्चमधील थडग्यांवरची अक्षरे चाचपताना एकाने विचारले, “सर, तेव्हा आपण जिंकलो की हरलो?”

आम्ही निरुत्तर झालो. जेत्यांच्या आणि पराभूतांच्या कागदांत आमच्या शेतकरी-कोळी पूर्वजांचा आवाज क्षीणच आहे. “आजीला विचार, घरातील जुने कागद पाहा,” एवढेच आम्ही म्हणालो.

पुढच्या सोमवारी तो पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा जीर्ण दाखला घेऊन आला. खरा धडा तेथून सुरू झाला.