भाकड गायीची गव्हाण

दारच्या गायीची वैरण दुधाच्या मापाने ठरते. धार चालू आहे तोवर सरकी पेंड, आंबोण, हिरवा मका. आटली की तीच गाय दावणीच्या टोकाला जाते आणि पुढ्यात उरलासुरला कडबा पडतो. तिचं शरीर मात्र हा हिशेब मानत नाही. 400 किलो वजनाच्या गायीला दिवसाकाठी 10 ते 12 किलो कोरडा घास लागतो, म्हणजे वैरणीतलं पाणी वजा जाता उरतं ते. हिरव्या मक्यात हा अंश जेमतेम पाचवा, वाळल्या कडब्यात दहातले नऊ हिस्से. म्हणून 20 किलो हिरव्याचा डोळ्यात भरणारा भारा पोटात चारच किलो घालतो. उरलेली भूक कडब्याने भागते. सोलापूरकडे मालदांडी ज्वारी दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरतात, ती उगीच नव्हे.

गाय साधारण 280 दिवस गाभण राहते आणि पोटातल्या वासराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. नेमकी तेव्हाच ती भाकड म्हणून दुर्लक्षलेली असते. डोळे अर्धवट मिटून ती दिवसरात्रीचे सात-आठ तास रवंथ करते. बघणाऱ्याला निवांत वाटते, पण आत वासरू वाढत असतं आणि पुढच्या वेताची कास तयार होत असते. व्याल्यावर दूध झपाट्याने चढतं, भूक त्या वेगाने चढत नाही. मधली तूट ती अंगावरच्या साठ्यातून भरते. साठाच नसेल तर दूध कमी पडतं आणि गाय पुन्हा माजावर यायलाही उशीर होतो.

जाणते शेतकरी म्हणतात, भाकड गाय माजली की विताना अडते. हे खरं आहे, पण ते पेंडीच्या अतिरेकाला लागू होतं. पोटभर चांगली वैरण आणि शेवटच्या दोन महिन्यांत जादा दीड-एक किलो खुराक म्हणजे अतिरेक नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक जड आहे. दुष्काळात कडब्याची पेंढी परवडत नाही, तेव्हा उसाच्या वाढ्यांवर भागवावं लागतं. त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नुसत्या वाढ्यांवर गाभण गाय ठेवू नये. खनिज मिश्रण द्यावंच. आणि कडबा कुट्टी करून घातला तर पायाखाली जाणारी वैरण वाचते. ती वाचलेली वैरण आधी भाकड गायीच्या गव्हाणीत पडायला हवी.