पाण्याला लागलेला वास

पिकल्या केळ्याचा वास, पण केळं कुठेच नाही. गोड, किंचित झणझणीत, आधी नाकाशी गार लागणारा आणि मग हळूहळू कपाळात चढणारा. ब्युटाइल ॲसिटेटचा वास. पेनिसिलीनच्या कारखान्यात, एक्स्ट्रॅक्शन विभागात ज्यांनी रात्रपाळ्या काढल्या त्यांना तो सांगावा लागत नाही, आणि इतरांना कितीही रंगवून सांगितला तरी पोचत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो माझ्या ओढणीत होता, लॉगशीटच्या पानांत होता, डब्यातल्या पोळीला होता. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या काकू सकाळी दार उघडताच विचारायच्या, "आजही कँटीनमध्ये शिकरण होती का गं?" मी हो म्हणायचे. रात्रभर जागून आल्यावर द्रवातून द्रवात होणारं निष्कर्षण समजावून सांगण्याचं त्राण कुणात असतं!

आता सवड आहे, तर सांगते.

बुरशीने पेनिसिलीन बनवलेलं असतं, पण ते पाण्यात, आणि तेही नको असलेल्या असंख्य गोष्टींच्या गर्दीत. बुरशी गाळून टाकली की उरतं ते पिवळसर पाणी. ते चांगलं थंड करायचं आणि सल्फ्युरिक ॲसिड सोडून त्याचा पीएच दोन-अडीचपर्यंत उतरवायचा. इतक्या आम्ल पाण्यात पेनिसिलीनच्या रेणूवरचा विद्युतभार जातो, आणि भार गेला की त्याला पाण्यात करमेनासं होतं. शेजारी ब्युटाइल ॲसिटेट असतंच. तो तिकडे निघून जातो. पुढे तेच सॉल्व्हंट पीएच सातच्या स्वच्छ पाण्याला भेटवलं की रेणू पुन्हा भार घेतो आणि पाण्यात परत येतो, वाटेत लागलेला बराच मळ पलीकडे सोडून. बस, जाणं आणि येणं.

पण या जाण्यायेण्यात एक जीवघेणी अडचण आहे. ज्या आम्लामुळे पेनिसिलीन पाणी सोडतं, तेच आम्ल त्याला मोडतंही. म्हणजे घाई हवी. आणि दोन द्रव घुसळल्यावर ते वेगळे व्हायला स्वस्थपणा हवा. थेंबाशेजारी थेंब येऊन थांबतो, दोघांमध्ये दुसऱ्या द्रवाचा पातळ पडदा असतो, तो झिरपत झिरपत विरळ होतो, फाटतो, आणि मगच दोन थेंबांचा एक होतो. त्यात बुरशीची प्रथिनं त्या पडद्याला बळकटी देतात. मग सीमेवर मळकट, फेसाळ, ना इकडचा ना तिकडचा असा एक थर जमतो आणि हलता हलत नाही. आमच्याकडे तेवढ्यासाठीच जोरात फिरणारी यंत्रं होती. गुरुत्वाला जे काम करायला तास लागले असते ते ती मिनिटभरात उरकत. त्यांची घरघर ऐकत आमचे मामा, म्हणजे विभागातले सगळ्यात जुने ऑपरेटर, साइट ग्लासवर टॉर्च धरून उभे राहायचे. रेष स्वच्छ दिसली की म्हणायचे, "लागली बघा ताई." जणू झोप लागली!

त्या उजेडात उभी असताना मला अनेकदा ऑक्सफर्डचा नॉर्मन हीटली आठवायचा. माणूस मुळात जीवरसायनशास्त्राचा, पण हात कारागिराचे. पेनिसिलीनला आम्ल करून ईथरमध्ये न्यायचं आणि तिथून परत साध्या पाण्यात आणायचं, ही युक्ती त्याचीच. १९४० साल, युद्ध, सगळ्याचीच टंचाई. त्याने काचेच्या नळ्या, बाटल्या आणि बॉडलियन ग्रंथालयाने टाकून दिलेलं एक पुस्तकांचं कपाट यांतून निष्कर्षणाचं यंत्र उभं केलं. पुढे ईथर गेलं, अमाइल ॲसिटेट आलं. त्याचाही वास केळ्याचाच. मधमाश्या धोक्याच्या वेळी एकमेकींना जो इशारा देतात त्यात आयसोअमाइल ॲसिटेट असतं, म्हणून पोळ्यापाशी जाताना केळं खाऊ नये म्हणतात. आम्हाला गोड वाटणारी गोष्ट कुणाला युद्धाची हाक वाटते.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते औषध टोचलं गेलं. ताप उतरला, तो जेवू लागला. आणि औषध संपत आलं. पेनिसिलीनचा मोठा भाग लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून त्याची लघवी जमवून प्रयोगशाळेत नेली, तिच्यातून पेनिसिलीन पुन्हा निष्कर्षित केलं आणि पुन्हा त्यालाच दिलं. मला या गोष्टीपाशी नेहमी थांबावंसं वाटतं. एका माणसाच्या देहातून निघालेलं ते थोडंसं औषध थंडगार आम्लातून, सॉल्व्हंटमधून, परत पाण्यातून फिरून त्याच्याच देहात जातं; आणि प्रत्येक फेरीत थोडं थोडं वाटेवर राहतं. शेवटी पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. तेरा वर्षांनी, १९५४ मध्ये, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुरण्याची गोष्ट अशी हळूहळू पुढे सरकते.

वाटेवर राहणं हा या शास्त्राचा स्थायीभाव आहे. एका फेरीत सगळं कधीच येत नाही. समजा, समान आकारमानाच्या सॉल्व्हंटने तीन भाग नेले आणि एक भाग पाण्यात राहिला. म्हणजे चौथा हिस्सा मागे. तेच सॉल्व्हंट तीन सारख्या वाट्यांत विभागून एकामागून एक वापरलं, तर दर वेळी निम्मं निघतं आणि शेवटी फक्त आठवा हिस्सा उरतो. सॉल्व्हंट तेवढंच. माझ्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं; नळाला पाणी कमी असलं की ती साबणाचे कपडे एका भरल्या बादलीत न खळबळता तेच पाणी तीनदा थोडं थोडं घेऊन खळबळायची. तरी आठवा हिस्सा राहतोच. शून्य येत नाही.

पुढे कारखाना सुटला, संशोधन आलं, आणि माझी बरीच वर्षं त्या दोन द्रवांमधल्या सीमेवरच गेली. सगळी देवाणघेवाण तिथेच होते, म्हणून ती सीमा किती मोठी आहे हे कळायला हवं. पण लक्षावधी थेंबांच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ मोजायचं कसं? माटुंग्याच्या संस्थेत, जी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, प्रा. मनमोहन शर्मा यांनी साठच्या दशकात सहकाऱ्यांसह यावर एक देखणी वाट चोखाळली. माहितीतली रासायनिक क्रिया त्या सीमेवरच घडू द्यायची, आणि किती घडली त्यावरून सीमा किती होती ते काढायचं. डोळ्यांना न दिसणारं मोजायला पट्टी म्हणून त्यांनी वापरली काही एस्टरं आणि अल्कली. एस्टरं, म्हणजे पुन्हा फळांचे वास! त्यांच्या कामाबद्दल लिहिताना गणिताचं कौतुक होतं, ते योग्यच आहे; मला मात्र ती प्रयोगशाळा कशी दरवळत असेल याचंच कुतूहल.

एक गोष्ट पुस्तकं फार बेफिकिरीने लिहितात, की हे दोन द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळतात. ब्युटाइल ॲसिटेट जाताना शंभर लिटर पाण्यात साधारण सातशे ग्रॅम स्वतःला ठेवून जातं, आणि पाणीही थोडंसं त्याच्याबरोबर जातंच. रेष कितीही लख्ख असो, खालच्या नळातून सोडलेल्या, पेनिसिलीन निघून गेलेल्या त्या पाण्याला केळ्याचा वास येतोच. मग वाफ देऊन ते सॉल्व्हंट परत मिळवावं लागतं. मामा ते पाणी तळहातावर घेऊन हुंगायचे. नियमात बसणारं नव्हतं ते, आणि तब्येतीला तर मुळीच बरं नव्हतं. पण ते नुसत्या नाकाने सांगायचे, आज वाफेचा कॉलम नीट चालत नाही. प्रयोगशाळेचा आकडा तासाभराने यायचा.

हल्लीच्या चांगल्या कारखान्यांत वास येत नाही. येऊही नये. वास म्हणजे हवेत गेलेलं सॉल्व्हंट, म्हणजे पैसे, म्हणजे कुणाची तरी छाती, आणि ठिणगी पडली तर आग. बंद नळ्या, नायट्रोजनचं आवरण, पडद्यावर आकडे. माझे विद्यार्थी थेंबांच्या मिलनाचं गणित संगणकावर करतात, फार सुरेख करतात, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी ज्याच्यावर प्रबंध लिहिला तो द्रव कधी हुंगलेला नसतो.

परवा न राहवून फ्युम हूडपाशी गाळणकागदाच्या पट्टीवर एक थेंब घेतला आणि वाळत आल्यावर पट्टी दुरूनच त्यांच्यापुढे फिरवली. साताऱ्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, ताईच्या लग्नातलं नेलपॉलिश." लातूरचा मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आमच्या गावच्या जत्रेत मिळायच्या त्या गोळ्या." तिसऱ्याला काहीच आठवलं नाही. सर्दी झाली होती त्याला.