मुंबई ते दुबई : अंतर एक, हिशेब अनेक

व्यापारी कुटुंबांना दुबई आता परकी वाटत नाही. सोने, हिरे, कापड, मसाले, अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांचे तेथे जाणे-येणे असते. हा संबंध जुना आहे. एके काळी आखातातील बाजारात भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईने रुपयाचा निरोप घेतला. माणसांची ये-जा मात्र वाढतच गेली.

या दोन विमानतळांतील सरळ अंतर सुमारे १९३० किलोमीटर आहे. जेट विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, तर प्रवास सव्वादोन तासांत आटोपावा. तिकिटावर मात्र सव्वातीन तासांच्या आसपासचा अवधी दिसतो. मग उरलेला तास जातो कोठे? छापलेली वेळ केवळ आकाशातील नसते. मुंबईत विमान जागेवरून हलते तेव्हापासून दुबईत ते जागेवर थांबेपर्यंतचा सारा काळ तीत धरलेला असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि विमानांना रांगेत थांबावे लागते. चढताना व उतरताना वेगही कमी असतो.

शिवाय वारा आहेच. हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतो. जाताना तो विमानाला अडवतो, येताना पुढे ढकलतो. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर होतो. पावसाळ्यात हा झोत हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि ही तफावत कमी होते.

दिवसाचा प्रवास असेल तर खिडकीजवळ बसावे. बराच वेळ खाली केवळ अरबी समुद्र असतो. मग ओमानचे उघडेबोडके, तपकिरी डोंगर दिसू लागतात आणि त्यांच्या पलीकडे वाळवंट व दुबईच्या उंच इमारती.

खरी गफलत होते ती घड्याळाची. तिकिटावरील वेळा त्या त्या गावच्या असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी १० ला निघून सव्वातीन तास उडालेला प्रवासी तेथे पावणेबाराला उतरतो. जणू पावणेदोन तासच लागले. उलट, दुबईहून रात्री १० ला निघून तीन तासांत मुंबई गाठणाऱ्याच्या तिकिटावर अडीच वाजलेले असतात आणि तारीख दुसऱ्या दिवसाची असते. मध्यरात्रीनंतरच्या विमानाबाबत तर विशेष सावध असावे. तिकिटावर 'रविवार, ००.३०' असेल, तर विमानतळावर शनिवारी रात्रीच पोहोचावयाचे असते.

दुबईहून पुढे युरोप-आफ्रिकेला जाणाऱ्यांनी दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगळी तिकिटे स्वस्त पडतात. परंतु पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे हुकले, तर तो भुर्दंड सामान्यतः प्रवाशाच्याच माथी येतो. तसेच १ जानेवारी २०२२ पासून तेथील सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. तेव्हा कचेरीतील काम असल्यास शुक्रवार दुपारचे नव्हे, रविवार संध्याकाळचे विमान धरावे.